डोंगरवाटेचे सामान : जुने काय घ्यावे, काय घेऊ नये

पावसाळा ओसरू लागला, की पोलादपूरच्या एसटी स्थानकात पाठीवर सॅक अडकवलेली तरुण मंडळी दिसू लागतात. कोणाला आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे जायचे असते, कोणाला उमरठला नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे असते, तर कोणी ढवळे गावाच्या गाडीची चौकशी करीत असतो. जुलै २०२५ मध्ये रायगड व प्रतापगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यानंतर महाड-पोलादपूरच्या या टापूविषयीचे कुतूहल वाढणे साहजिकच आहे. या मंडळींत डोंगरात पहिल्यांदाच आलेला गडी चटकन ओळखू येतो. त्याचे सारेच सामान कोरे करकरीत असते. साठ लिटरची सॅक, घोट्याच्या वर जाणारे बूट, दोन काठ्या आणि सॅकला बाहेरून बांधलेला, त्या दिवशी कोठेही उभारला न जाणारा तंबू!

यात हसण्यासारखे काही नाही. छंद जडला की त्याचे साहित्य जमवण्याची हौस प्रत्येकालाच असते. मात्र दोन-तीन भटकंतींनंतर अनेकांचा उत्साह ओसरतो, नोकरी बदलते, गुडघा कुरकुरू लागतो, आणि ते सामान माळ्यावर जाऊन पडते. पुढे तेच कमी किमतीत विक्रीला येते. नवख्याने आपली सुरुवात या माळ्यावरच्या सामानातून करावी, हा सल्ला जुनेजाणते भटके नेहमी देतात व तो योग्यही आहे. परंतु तो अर्धाच सल्ला आहे. काही जुन्या वस्तू नव्याइतक्याच उपयोगी असतात, काही केवळ गैरसोयीच्या ठरतात आणि काही मात्र थेट जिवावर बेततात. विकणाऱ्यालाही हा फरक ठाऊक असतोच असे नाही.

आधी डोंगर, मग सामान

खरेदीपूर्वी आपण नेमके कोठे जाणार आहोत, हे ठरवावे. महाडहून रायगडावर जायचे असेल, तर सुमारे दीड हजार पायऱ्यांची बांधीव वाट आहे. थकलेल्यांसाठी रोपवेही आहे. या गडासाठी पायात घट्ट बसणारे रोजचे खेळाचे बूट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि शाळेचे दप्तर एवढे पुरते. महाड शहरालगतचा चांभारगडही अर्ध्या दिवसात, याच सामानावर होतो. पहिल्या दोन भटकंती अशा, काहीही विकत न घेता कराव्यात. आपल्याला चढताना त्रास होतो की उतरताना, उन्हाचा होतो की ओझ्याचा, हे एकदा कळले म्हणजे खरेदीच्या यादीतील निम्म्या वस्तू आपोआप गळून पडतात.

दुसरी पायरी मंगळगडाची, म्हणजेच कांगोरीची. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा चंद्रराव मोऱ्यांच्या मुलखातील हा गडही स्वराज्यात आला. पिंपळवाडीकडून चढणारी वाट रानातील आहे; मुरमाचा घसारा आणि वाळलेले गवत यांवरून पाय सटकतो. येथे बुटाच्या तळव्याची किंमत कळते.

चंद्रगडाची गोष्ट निराळी. ढवळे गावातून या गडावर जाणारी वाट उभी, दृष्टिभय असणारी आहे. तेथून पुढे ढवळे घाटाने बहिरीच्या घुमटीवरून महाबळेश्वरच्या आर्थर सीटपर्यंत जाणारी चाल तर पूर्ण दिवस घेते. एकदा निम्मी वाट सरली, की माघारी फिरणेही पुढे जाण्याइतकेच अवघड होते. गावातील माहीतगार वाटाड्या घेतल्याशिवाय ती करू नये आणि ऐन पावसाळ्यात तर मुळीच करू नये. नवख्याच्या मनात मात्र बहुधा याच वाटेचे चित्र असते आणि खरेदी त्याच चित्राबरहुकूम होते.

बूट : दिसतात चांगले, फसवतात तेच

जुन्या सामानात सर्वाधिक फसगत होते ती बुटांची. ‘फक्त दोनदा वापरलेले, पाच वर्षे कपाटात ठेवलेले’ अशी जाहिरात वाचली, की घेणाऱ्याला वाटते, सौदा पटवावा. वस्तुतः हेच वाक्य धोक्याचे आहे.

डोंगरात घालावयाच्या अनेक बुटांमध्ये बाहेरचा रबरी तळवा आणि वरचे चामडे वा कापड यांच्यामध्ये पॉलियुरेथेन या पदार्थाचा मऊ, हलका थर असतो. धक्का शोषून घेण्याचे काम तो करतो. हवेतील बाष्पाशी या पदार्थाची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि त्याची रचना आतून तुटत जाते. रसायनशास्त्रात या क्रियेला जलविघटन म्हणतात. उष्ण व दमट हवेत ती अधिक वेगाने होते. बूट नियमित वापरात असेल तर तो हवेवर राहतो, पायाच्या दाबाने थर दबतो व मोकळा होतो आणि आतील ओलावा काही प्रमाणात बाहेर पडतो. खोक्यात बंद करून ठेवलेला बूट मात्र न वापरताच कुजतो. वरून चामडे चकचकीत, नाडी नवी, तळव्याच्या खाचाही शाबूत. आणि चढणीला लागल्यावर तासाभरात मधला थर ओल्या बिस्किटासारखा भुगा होऊन संपूर्ण तळवा गळून पडतो. अनेकदा एका बुटाचा गेला, की दुसऱ्याचाही लगोलग जातो. कारण दोन्हींचे वय एकच.

कोकणातील हवा या क्रियेला किती पोषक आहे, हे वेगळे सांगावयास नको. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटाखालच्या पोलादपुरातही चार महिने भिंतींना ओल असते. येथल्या घरात चार पावसाळे काढलेला कोरा बूट, हा कोरडवाहू मुलखात तितकाच काळ वापरलेल्या बुटापेक्षा अधिक संशयास्पद मानावा.

परीक्षा सोपी आहे. बूट हातात घेऊन मधल्या थरावर अंगठ्याच्या नखाने जोर द्यावा. थर दबून परत वर आला तर ठीक. खळगा तसाच राहिला, भेग पडली अथवा हाताला चिकटपणा लागला, तर बूट ठेवून द्यावा. त्यानंतर पुढचा भाग दोन्ही हातांनी चांगला वाकवून रबर व मधला थर यांच्या जोडावर केसाएवढी फट दिसते का, ते पाहावे. जिभेच्या आतील बाजूच्या पट्टीवर पुष्कळदा निर्मितीचा महिना व वर्ष छापलेले असते. मधला थर पॉलियुरेथेनचा असेल आणि बूट पाच-सहा वर्षांहून जुना असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ईव्हीए नावाच्या पदार्थाचा थर असलेल्या बुटांचा असा भुगा होत नाही. मात्र तो वापराने दबून कडक होतो आणि मग उतरताना गुडघ्यांना हादरे बसतात. टाचेची एकच बाजू झिजली असेल, तर मूळ मालकाच्या चालीचा साचा त्यात उतरला आहे असे समजावे. ती चाल आपली नव्हे.

तळव्याचे रबरही वयाबरोबर कडक होते. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कडक रबर साबणासारखे घसरते. नख रुतत नसेल इतके ते कडक असेल, तर खाचा कितीही खोल असल्या तरी उपयोग नाही.

तळवा केवळ कडेने सुटला असेल, तर चर्मकाराकडून तो भोवतीने शिवून घेता येतो. आपल्याकडील अनेक भटके तर नवे बूटही पहिल्या मोहिमेपूर्वीच असे शिवून घेतात. मधल्या थराचाच भुगा झाला असेल, तर मात्र डिंक आणि दोरा दोन्ही व्यर्थ. टाका धरायला काही उरतच नाही. एवढी सारी कटकट पाहता, प्रौढांनी बूट जुने घेऊच नयेत असेच माझे मत आहे. देशी बनावटीचे, साध्या पण पकड धरणाऱ्या तळव्याचे बूट आजही परवडणाऱ्या किमतीत मिळतात. महाराष्ट्रातील गडवाटांवर ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’च्या बुटांनी कित्येक वर्षे भटक्यांना साथ दिली, ती या किमतीमुळे आणि पकडीमुळेच. अपवाद लहान मुलांचा. त्यांचा पाय वर्षभरात वाढतो, बूट झिजण्याआधीच आखूड होतात; तेव्हा ओळखीतल्या घरातून गेल्याच वर्षीचे बूट मिळत असतील, तर ते अवश्य घ्यावेत.

सॅक : जुनी घ्यावी ती हीच

बूट जितके फसवे, तितकी सॅक प्रामाणिक असते. तिचे दोष लपत नाहीत. शिवण उसवली असेल तर दिसते, चेन अडकत असेल तर कळते. चांगल्या बनावटीची सॅक दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. म्हणूनच निम्म्या अथवा त्याहून कमी किमतीत मिळणारी जुनी उत्तम सॅक, ही त्याच पैशांतल्या नव्या सुमार सॅकपेक्षा केव्हाही सरस. एक मात्र खरे, की डेकॅथलॉनसारख्या साखळी दुकानांनी गेल्या दशकभरात लहान सॅकच्या किमती इतक्या खाली आणल्या, की वीस लिटरच्या आतील सॅक जुनी घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. जुनी घ्यायची ती मोठीच.

सॅक विकत घेताना तिच्यात आठ-दहा किलो वजन भरून ती पाठीवर चढवावी. विकणारा कंटाळला तरी चालेल, पण दहा मिनिटे तिच्यासह जिन्यावरून वर-खाली करावे. वजन खांद्यांवर न लोंबकळता कमरेच्या पट्ट्यावर आले पाहिजे. मान खाली वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड ठळकपणे हाताला लागते, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. सॅकची पाठ त्या अंतराला जुळावी. उंची सारखी असलेल्या दोघांचे हे अंतर सारखे असतेच असे नाही. खांद्याचे पट्टे जेथे पाठीला जोडलेले असतात, तेथील शिवण ओढून पाहावी. ओझ्याचा सारा ताण तेथेच येतो. आतील बाजूस पांढरट पापुद्रे सुटत असतील, तर पाणी अडवणारा लेप गेला असे समजावे. त्याने बिघडत नाही. कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आत ठेवले, की नव्या सॅकलाही त्याहून चांगले संरक्षण मिळत नाही. तुटलेली कडी शहरातील कोणत्याही बॅगदुरुस्तीच्या दुकानात बदलून मिळते. भाव कमी करून घेण्यास मात्र ती चांगले निमित्त आहे.

एका दिवसासाठी वीस ते तीस लिटर, मुक्कामासाठी चाळीस ते पन्नास लिटर पुरे. साठ लिटरची सॅक घेतली, की ती भरण्याचा मोह होतो आणि मग आर्थर सीटच्या चढणीवर आपण नेमके कशासाठी आलो, असा प्रश्न पडतो.

पावसाचे कपडे, तंबू आणि इतर

वापरलेले महागडे पावसाळी जाकीट विकत घेण्यात पैसे वाया जातात. अशा कापडाचा आतला पदर व जोडांवरील पट्ट्या काळाने सुटतात. कोकणच्या पावसात तर नव्या जाकिटातही घामाने भिजायला होते. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या इरले पांघरून भर पावसात लावणी करीत आला आहे. अंगाला न चिकटणारे, खालून वारा खेळणारे आच्छादन, हे त्यातले तत्त्व. सॅकसह अंग झाकणारा साधा, सैल पोंचो हेच तत्त्व पाळतो आणि नवाच स्वस्त मिळतो. दरीकाठच्या सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र तो फडफडून पायात येतो, तेव्हा कमरेला दोरीने बांधावा.

तंबू पहिल्या वर्षी घेऊच नये. या भागातील मुक्काम बहुधा गावातील देवळात अथवा ग्रामस्थांच्या घरी होतात. त्यातून लागलाच, तर भाड्याने आणावा. जुना तंबू पाहायचा असल्यास तो विक्रेत्याच्या घरी पूर्ण उभा करून पाहावा. बाह्य कापड हाताला चिकट लागत असेल व त्याला आंबूस वास येत असेल, तर तेथेही बुटाच्या थरासारखेच लेपाचे विघटन सुरू झाले आहे. त्यावर उपाय नाही. स्लीपिंग बॅग पिशवीतून काढून पंधरा मिनिटे पसरून ठेवावी. ती फुगली नाही, तर तिची ऊब संपली. जमिनीवर अंथरण्याची फोमची मॅट जुनी घेण्यास हरकत नाही. डोक्याला लावण्याच्या विजेरीचे झाकण उघडून आत फुटलेल्या सेलची हिरवट-पांढरी पूड नाही ना, एवढे बघावे. चालण्याच्या काठीची लांबी बसवून तिच्यावर सारा भार टाकावा. ती सरकली, तर उतारावरही सरकेल.

परदेशस्थ नातेवाईक आपले वापरलेले सामान आप्तांना देऊन टाकतात. ते सहसा उत्तम प्रतीचे असते. त्यात उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण असेल, तर ते आणू नये. भारतात अशी उपकरणे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा असून विमानतळावरच अडचणीत यावे लागते.

दोर, हार्नेस, शिरस्त्राण : जुने कदापि नको

येथे तडजोड नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वर व परिसरातील गिर्यारोहक भर पावसात दोर लावून शेकडो फूट खाली उतरले. असा उतरणारा माणूस ज्या दोरावर भार टाकतो, त्याचा सारा इतिहास त्याला ठाऊक असावा लागतो. तो कितीदा झटका खाऊन ताणला गेला, कोणत्या धारदार कडेवर घासला, मोटारीच्या डिकीत बॅटरीच्या आम्लाशेजारी पडून होता का, यांपैकी काहीही नुसते पाहून कळत नाही. नायलॉनचा दोर मुळीच वापरला नाही तरी निर्मितीपासून दहा वर्षांनी बाद करावा, असे उत्पादक स्वतःच सांगतात. नियमित वापरातला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. हार्नेसच्या पट्ट्यांनाही हाच न्याय. शिरस्त्राणाच्या आतील फोमला एका आघाताने पडलेली चीर वरच्या कवचावर उमटतेच असे नाही.

नव्या दोरावर यूआयएए अथवा ईएन ८९२ हे मानकचिन्ह पाहावे, हार्नेसवर ईएन १२२७७ आणि शिरस्त्राणावर ईएन १२४९२. बाजारात ‘लष्करी दोर’ म्हणून विकला जाणारा हिरवा दोर सामान बांधण्यास ठीक आहे, माणूस बांधण्यास नव्हे. तसेही नवख्याला ही सामग्री स्वतःची असण्याची गरज नसते. प्रस्तरारोहण शिकायचे असेल तर ते संस्थेतच शिकावे आणि दोर संस्थेचाच वापरावा. मुंबईत १९५४ पासून कार्यरत असलेली गिरिविहार, पुण्याची गिरिप्रेमी यांसारख्या संस्थांकडे ही शिस्त आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमासाठी तर प्रशिक्षणार्थ्याला बरीचशी साधने तेथेच वापरण्यास मिळतात.

कोठे शोधावे?

महाड-पोलादपूरकरांना या सामानासाठी आजही पुणे-मुंबईकडेच पाहावे लागते. पुण्याचा रविवार व बुधवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. तेथे सॅक, भांडी, फोमच्या मॅट, लष्करी धाटणीच्या पाण्याच्या बाटल्या यांचा शोध घेता येतो. वस्तू मात्र कोणाची, किती जुनी, हे सांगणारा तेथे नसतो. त्यामुळे नुसत्या नजरेने पारखता येतील तेवढ्याच वस्तू तेथून घ्याव्यात.

सर्वांत भरवशाचा मार्ग गिरिभ्रमण संस्थांच्या सभासदांचा. हिमालयातील मोहिमेहून परतलेले सभासद आपले जादा सामान आपसात विकतात, आणि वस्तूचा खराखुरा इतिहास तेथे समजतो. इंटरनेटवरील जाहिरातींतून खरेदी करताना वस्तू प्रत्यक्ष पाहून, हातात आल्यावरच पैसे द्यावेत. पैसे स्वीकारण्यासाठी मोबाइलवर पिन कधीच टाकावा लागत नाही. हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे, कारण अलीकडे फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. शिवाय पुराच्या पाण्यात भिजलेले सामान ओळखण्याची सवय लावून घ्यावी. जुलै २०२१ च्या महापुराने महाडमध्ये घरेच्या घरे गाळाने भरली होती, आणि सावित्रीचे पाणी शहरात येणे येथे नवे नाही. शिवणीच्या आत, चेनच्या दातांत आणि पट्ट्यांच्या घड्यांत अडकलेली बारीक तांबूस माती हात फिरवताच लागते.

घरी आणलेले सामान कोमट पाण्यात साध्या साबणाने, कपडे मऊ करणारे द्रावण न वापरता धुवावे आणि सावलीत पूर्ण वाळवावे. बुरशीचा वास आलेली वस्तू बंद कपाटात ठेवली, तर शेजारच्या वस्तूही बिघडतात. पावसाळ्यात बूट खोक्यात न ठेवता हवेशीर फळीवर ठेवावेत आणि पंधरवड्यातून एकदा घालून अंगणात फेरी मारावी.

एवढे करूनही तळवा सुटायचा तो आडरानात सुटतोच. म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन-तीन मीटर बारीक नायलॉनची दोरी आणि कापडी चिकटपट्टीचे लहान भेंडोळे कायम असावे. तळवा बुटाला लावून चिकटपट्टी पंजाभोवती तीन-चार वेढे गुंडाळावी, त्यावर दोरी पंजाखालून आडवी-तिडवी घेऊन घोट्याभोवती बांधावी. गाठ पायाच्या वरच्या बाजूस, बाहेरच्या अंगाला यावी. तळव्याखाली आलेली गाठ पहिल्याच कातळावर तुटते. असा बांधलेला बूट सपाटीवर तासभर साथ देतो, उभ्या चढणीवर त्याच्याही आत सैल होतो. ढवळे घाटात हा प्रसंग बहिरीच्या घुमटीच्या अलीकडे आला, तर वाटाड्याला सांगून तेथूनच गावाकडे फिरावे.